जास्वंदीवरचा कापूस

६ डिसेंबर १९५३, रविवार

ग्वाल्हेरहून पार्सल आलं. मला वाटलं, तिळाची गजक. दोरा सोडला तर आत छापील पत्रकांचा गठ्ठा!

आमचे हे शेतकी खात्यात हेडक्लार्क. मध्यभारताला राजधान्या दोन. थंडी पडली की सरकार फायलींसकट ग्वाल्हेरला जातं आणि उन्हाळ्याला इंदूरला परत येतं. सरकारबरोबर आमचे हेही जातात-येतात. बायको तेवढी बारमाही इंदुरात. पत्रात लिहिलंय, "बाहेरगावच्या रोपांबरोबर एक परकी कीड येऊ लागली आहे. नर्सरीत रोपं घेणाऱ्यांना सावध करायचं आहे, पण खात्याकडे माणसं नाहीत. तुझ्या ओळखीच्या चार बायकांना पत्रकं वाट." चार बायकांना! इतकी वर्षं संसार करून हे मला एवढंच ओळखतात.

पत्रक दोनदा वाचलं. कीड पांढरी, कापसासारखी. पानाच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात बसते, झाडाचा रस पिते. चिरडली तर लालसर पाणी निघतं. तिच्या मागोमाग मुंग्या येतात. एका रोपावरून सगळ्या बागेत पसरते, म्हणून रोप घेताना आधी पान उलटून बघावं. वाचताना अंगावर काटा आला आणि लगेच दौलतराव डोळ्यांपुढे उभे राहिले.

दौलतरावांची नर्सरी आमच्या गल्लीच्या टोकाला. पूर्वी होळकरांच्या घोडदळात जमादार होते. संस्थान विलीन झालं, नोकरी गेली, तेव्हा भाड्याच्या जागेत गुलाब लावून विकू लागले. मिशा अजून घोडदळातच आहेत. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी नणंदेकडून, पुण्याहून, दुहेरी गुलाबी जास्वंद ओल्या गोणपाटात गुंडाळून आगगाडीत मांडीवर घेऊन आणली. इंदुरात तशी दुसरी नाही. कौतुकाने दौलतरावांना बोलावलं, तर कुंपणावरूनच म्हणाले, "पुनेवाली पाहुणी आहे बाईसाहेब. इकडची हवा तिला रास नाही यायची." आली की नाही रास? पत्र्याच्या पिंपात आहे आणि छपराला टेकली आहे. यंदाच्या श्रावणात तिच्या फांद्या खोचल्या होत्या, त्याही बोळक्यांत छान धरल्या आहेत.

तर पत्रकं कुठे वाटायची, हा प्रश्नच उरला नाही.

१३ डिसेंबर, रविवार

स्टूल घेऊन दौलतरावांच्या फाटकाशी बसले. सोबतीला शेजारची मंजिरी. ती मला भानूताई म्हणते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला "हो ना" म्हणते, म्हणून बरी पडते.

पहिलं गिऱ्हाईक सराफ्यातले एक शेटजी. त्यांना म्हटलं, "रोप घ्या, पण आधी पान उलटून बघा."

"क्यों भाभीजी, नीचे दाम लिखा है क्या?"

त्यांना कीड समजावून सांगितली. शेटजी आत गेले आणि प्रत्येक पान उलटत बसले. त्यांचं पाहून मागच्या दोघांनीही उलटली. दौलतराव आतून बघत होते. मिशी एका बाजूने वर गेलेली.

कीड सापडली नाही. लबाडाने आधीच साफसफाई करून ठेवली असणार.

२० डिसेंबर, रविवार

आज ठिणगी पडली. दौलतराव फाटकाशी येऊन म्हणाले, "बाईसाहेब, हे काय चाललंय? लोक फुलं बघायला येतात, अन् तुम्ही त्यांना पानाची पाठ बघायला लावता. ऐसा धंदा चलता है क्या?"

मी म्हटलं, "मन स्वच्छ असेल तर पाठ दाखवायला भ्यायचं कशाला?"

"आम्ही रणात पाठ दाखवली नाही."

"गुलाबाची म्हणतेय मी."

लोक हसले. दौलतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जाता जाता म्हणाले, "हे नर्सरीचं दुकान हाय म्हणून आम्ही आमच्या पायावर उभे आहोत. नाहीतर महूला जावयाच्या दारात जाऊन बसावं लागेल. एवढं ध्यानात असू द्या, बस."

जरा चर्र झालं. पण जावयाच्या भीतीने कुणी कीड विकावी काय? मंजिरीही म्हणाली, "हो ना."

२९ डिसेंबर, मंगळवार

ह्यांचं पत्र. माझ्या कामगिरीची दोन पानं लिहून धाडली होती. त्याचं उत्तर असं: "छान. घरची झाडं तपासलीस ना?" एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी का मी आहे? रागाने तीन दिवस उत्तरच लिहायचं नाही असं ठरवलं आहे. थंडीत बसू दे तिकडे एकटे.

१० जानेवारी १९५४, रविवार

आज नर्सरीवर गेले नाही. हळदीकुंकवाची तयारी. यंदा वाण काय लुटायचं, ते कुणालाच सांगितलेलं नाही, मंजिरीलाही नाही. दर साली बायका कंगवे, आरसे, चाळण्या लुटतात आणि ते वर्षभर फळीवर पडून राहतं. मी लुटणार माझी दुहेरी जास्वंद! एकेक बोळकं, एकेक रोप. घरोघर गुलाबी फुलं फुलली की दौलतराव कुणाकुणाच्या कुंपणावरून बघतील?

बोळकी पुसली. गिरणीच्या कापसाचा मात्र वैताग आहे. आमच्या घरामागे गिरणी, वाऱ्याबरोबर कापसाचं पिंजण उडून येतं. दोरीवरच्या धोतरांवर, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर, सगळीकडे बसतं. जास्वंदीच्या तर बेचक्या-बेचक्यांत जाऊन बसलंय. झटकलं, पण चिकटून राहतं. थंडीच्या दवाने असेल. बोळक्यांतल्या रोपांवरही थोडं थोडं आहे.

एक गंमत लिहायची राहिली. जास्वंदीवर मुंग्यांची रांग लागलेली असते. बाजूच्या तगरीवर एक मुंगी नाही. पुण्याची जात गोड असणार. मुंग्यांनाही चव कळते, दौलतरावांना कळत नाही.

१७ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू असं झालं की बोलायची सोय नाही. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सरदारांकडच्या शांताबाईसाहेबसुद्धा टांग्यातून आल्या. वाण पाहून सगळ्यांची तोंडं वासली. "अगं बाई, झाड!" "भानुमतीबाई, तुमचं सगळं जगावेगळं." शांताबाईसाहेबांनी तर बोळकं नोकराकडे दिलं नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवून नेलं.

मी संधी साधून कीड समजावली. म्हटलं, "बाजारातून रोप आणाल तेव्हा जपून. माझ्या घरचं आहे, त्याची काळजी नको."

सगळी बोळकी संपली. रिकाम्या ओट्याकडे बघून फार सुख झालं.

२८ जानेवारी, गुरुवार

कीड आली!

मंजिरी सकाळी धावत आली. तिच्या गुलाबावर पांढरं पांढरं दिसतंय. गुलाब दौलतरावांकडचाच, दिवाळीत घेतलेला. मी जाऊन चिरडून पाहिलं. लालसर पाणी! पत्रकात लिहिलंय तस्संच. दुपारपर्यंत आणखी दोन घरांतून निरोप. सगळ्यांच्या कुंड्या दौलतरावांकडच्या. मी महिनाभर कंठशोष करत होते तो उगीच नव्हे.

मंजिरीने दौलतरावांना बोलावून घेतलं. आले. गुलाब पाहिला. मग गुलाबाला चिकटून ठेवलेलं बोळकं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खाली वाकून पाहिलं.

"हे कुठलं?"

मी म्हटलं, "माझं वाण आहे."

"हळदीकुंकवाचं?"

"मग? सवाष्णींना दिलं. आता काय त्याच्यावर ढकलणार?"

माझ्याकडे पाहिलं, मंजिरीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मुकाट्याने निघून गेले. इतका बोलका माणूस, बोलती बंद! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आज सकाळपासून गिरणीचा भोंगा नाही. हरताळ आहे म्हणतात. भोंगा नसला की मला किती वाजले तेच कळत नाही, भाताला उशीर झाला.

३१ जानेवारी, रविवार

स्टूल नेलं, पण कुणाला सांगायचं? गिऱ्हाईकच नाही. गावभर झालंय की दौलतरावांकडे कीड आहे. सराफ्यातले शेटजी रस्त्यावरूनच ओरडून गेले, "भाभीजी, आपने तो बचा लिया!" सकाळभर एकही माणूस फाटकातून आत शिरला नाही. दौलतराव आत पाणी घालत होते, पाठमोरे.

मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. तसं काही झालं नाही. उगीच स्टुलाची खिळी ठोकत बसले.

निघताना ते स्वतः फाटकाशी आले. "बाईसाहेब, आता स्टूल आणायची तकलीफ घेऊ नका. जावयाला चिठ्ठी टाकली आहे. पुढल्या पंधरवड्यात येईल लॉरी घेऊन. गुलाब देऊन टाकीन कुणाला तरी."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

७ फेब्रुवारी, रविवार



सकाळी गंगूबाई धुणं वाळत घालत होत्या. गंगूबाई आमच्याकडे धुण्याला येतात, त्यांचा नवरा गिरणीत. म्हणाल्या, "हरताळाचा एक फायदा झाला बाई, धोतरं कशी लख्ख वाळतात. कापूस नाही का उडत." मी म्हटलं, "हो, खरंच." दोरी स्वच्छ, बरणीचा दादरा स्वच्छ. दहा-बारा दिवस चाक फिरलेलं नाही, तर कापूस येणार कुठून?

आणि जास्वंदीकडे नजर गेली. पांढरी फट्ट! बेचक्या भरलेल्या. गिरणी बंद आणि कापूस वाढलेला!

एक पान उलटलं. दुनियेला सांगत सुटले आणि स्वतःच्या झाडाचं पान मी आजवर एकदाही उलटलं नव्हतं. चिमटीत धरून चिरडलं. बोटं लाल झाली.

पुण्याहून मांडीवर बसवून मीच आणली. मीच वाढवली, आणि हळदीकुंकू लावून, ओटी भरून, मीच घरोघर पाठवली. मी ओट्यावर बसले आणि रडले. गंगूबाईंना वाटलं, ग्वाल्हेरहून काही वाईट बातमी आली.

मग तशीच नर्सरीवर गेले. दौलतराव ट्रंकेला दोरी बांधत होते. एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घोडदळ अंगावर येणार.

ते म्हणाले, "मालूम आहे. मंजिरीबाईंच्या घरी पाहिलं तेव्हाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? सवाष्णीनं सवाष्णीला दिलेलं वाण. त्याला आम्ही चार लोकांत कीड म्हणायचं? आमच्या आईनं हे शिकवलं नाही बाईसाहेब. त्यापेक्षा महू बरं." आणि दोरीची गाठ आवळली.

मी ह्या माणसाला लबाड म्हणत होते. लाजेने मान वर होईना.

८ फेब्रुवारी, सोमवार

वाण परत गोळा करायला निघाले. गोळा झालं शून्य.

"वाण परत? अगं बाई! वाण कुणी परत देतं का?" "भानूताई, घरात मुलीचं लग्न ठरतंय, असलं अभद्र नको." एकीने तर बोळकं पदराखाली लपवलं, जणू मी दरोडा घालायला आले आहे. कीड आहे म्हटलं तर म्हणाल्या, "ती दौलतरावांच्या गुलाबावरून चढली असेल, तुमचं झाड सोन्यासारखं." किती शिकवलं होतं मी ह्यांना! शिकवलेली एकच गोष्ट धरून बसल्या आहेत आणि नेमकी तीच चुकीची.

परवा रथसप्तमी. शेवटचं हळदीकुंकू शांताबाईसाहेबांकडे. सगळ्या तिथे जमतील. तिथेच सांगायचं.

१० फेब्रुवारी, बुधवार, रथसप्तमी

सांगितलं. भर बैठकीत उभं राहून, स्पष्ट शब्दांत: "कीड दौलतरावांकडची नाही. माझ्या जास्वंदीवरची आहे. मी वाण म्हणून ती तुम्हाला दिली. दौलतराव निर्दोष आहेत."

मग शांताबाईसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "किती मोठं मन! म्हातारा माणूस जावयाकडे जाऊ नये म्हणून सगळं स्वतःवर ओढून घेतायत."

"ओढून घेत नाही हो, खरंच माझीच आहे!"

"बघा, अजून म्हणतायत!"

सगळ्या हळहळल्या. मला मूठभर जास्त तिळगूळ दिला. मंजिरी नेहमीसारखी "हो ना" म्हणाली असती तरी काम झालं असतं. पण नेमकी आज ती "नाही हो ताई, असं कसं" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी चुकले म्हटलं आणि कुणी मानायलाच तयार नाही. हे घरी असते तर ह्यांनी ताबडतोब मानलं असतं.

रविवारी मालोजी, म्हणजे दौलतरावांचे जावई, लॉरी घेऊन येणार. मध्ये तीनच दिवस. बोलून उपयोग नाही हे आज कळलं. इंदुरी माणूस चाखल्याशिवाय शेव घेत नाही, ह्या बायका बघितल्याशिवाय काय मानणार? मंजिरीला एकटीला घरी बोलावून पान उलटून दाखवलं. तिने किंकाळी फोडली. एक तरी बाजूने झाली.

१४ फेब्रुवारी, रविवार

अंग ठेचल्यासारखं झालंय, पण आजचं आजच लिहायचं.

सकाळी कोयत्याने जास्वंद कापली. पहिला घाव घालवेना. त्या फांदीला परवाच कळी आली होती. डोळे मिटून घातला. गंगूबाईंच्या नवऱ्याने कुठूनशी हातगाडी आणली. तिच्यावर झाड आडवं घातलं, पिंप ठेवलं आणि मी आणि मंजिरी गाडी ढकलत गल्लीतून निघालो. लोक दारात आले. मंजिरीने वाटेत प्रत्येक घरी हाक घातली, "आपापली बोळकी घेऊन दौलतरावांच्या फाटकाशी या, भानूताई काहीतरी दाखवणार आहेत!" तमाशा बघायला सगळ्या आल्या.

फाटकाशी लॉरी उभी. वर ट्रंक, वळकटी, हुक्का. मालोजी चाकापाशी, दौलतराव फेटा बांधून तयार.

मी स्टुलावर चढले. रविवारी जशी ओरडायची तशीच ओरडले, "ही माझी जास्वंद! पान उलटून बघा!" उलटून दाखवलं. चिरडलं. लाल हात वर धरला. "आता आपापलं वाण उलटा. मी दिलेलं. आणि मग दौलतरावांचा कुठलाही गुलाब उलटा."

कुजबुज झाली. मग एकीने उलटलं. "अगं बाई!" मग दुसरीने. मग सगळीकडून "अगं बाई, अगं बाई." शांताबाईसाहेब टांग्यातून उतरल्या, आपलं बोळकं नीट बघितलं, नर्सरीत जाऊन दोन-चार गुलाब बघितले. परत येऊन म्हणाल्या, "भानुमतीबाई, तुम्ही खरंच चुकलात." इतकं गोड वाक्य मला आजवर कुणी ऐकवलं नसेल.

"पण वाण टाकायचं कसं?" एकीने विचारलं.

"टाकायचं नाही, अग्नीला द्यायचं," मी म्हटलं. शास्त्रात आहे की नाही देवाला ठाऊक, पण पटलं. आधी जास्वंद पेटवली. ओली होती, धूर फार झाला, त्यामुळे मी रडते आहे हे कुणाला कळलं नाही. त्याच्यावर एकेक करून सगळी रोपं पडली. बोळकी तेवढी परत घेतली बायकांनी.

मग सगळ्यांचा मोर्चा दौलतरावांकडे वळला. माझ्या गुलाबाचं आता काय करू, माझ्या मोगऱ्यावर चढली आहे का, तंबाखूचं पाणी किती घालू, नवीन कलम कधी देता. दौलतराव लॉरीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे.

मालोजी वैतागले. "मामासाहेब, चलायचं की नाही? पेट्रोल फुकट जळतंय."

दौलतरावांनी गुलाबांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं. माणूस जातो म्हणाला होता. जमादार होता. जातो म्हणालेला जमादार स्वतःच्या हाताने ट्रंक खाली कशी उतरवणार? जमिनीवरचा दुसरा पाय उचलायला लागले.

मी पदर खोचला आणि लॉरीत चढले. चारचौघांत, दिवसाढवळ्या, सवाष्ण बाई लॉरीत! मंजिरीला म्हटलं, "ते टोक धर." ट्रंक मरणाची जड. दौलतराव "अहो बाईसाहेब, राहू द्या, राहू द्या" म्हणत होते, पण अडवायला काही पुढे झाले नाहीत. आम्ही दोघी धापा टाकत ती फाटकातून आत घेऊन गेलो, त्यांच्या खोपटात ठेवली आणि मी तिच्यावर बसले.

मालोजींना म्हटलं, "आता घेऊन जाऊन दाखवा."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. दौलतराव मिशी चावत आभाळाकडे बघत होते. मालोजींनी वळकटी आणि हुक्का खाली ठेवला, सासऱ्यांच्या पाया पडले आणि लॉरी वळवली.

दौलतराव खोपटाच्या दारात येऊन म्हणाले, "बाईसाहेब, उठा आता. आमची वर्दी आहे आत, इस्त्री मोडेल."

मी उठले नाही. लॉरीचा आवाज महूच्या रस्त्याला लागून अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत तिथेच बसून राहिले.